जुनी पिकअप आणि डिझेलचा हिशेब : अ‍ॅव्हरेज वाढवण्याच्या उपायांचा आढावा

नारायणगावचा टोमॅटो, पिंपळगाव बसवंतची द्राक्षं, गावोगावचा भाजीपाला आणि दूध हा सगळा नाशवंत माल. तो शेतापासून बाजारापर्यंत पोचवणारं सर्वांत हुकमी वाहन म्हणजे पिकअप. मोठा ट्रक जिथे वळत नाही त्या शिवाररस्त्यावर ती जाते, टन-दीड टन माल घेते आणि रातोरात वाशी किंवा गुलटेकडीचा बाजार गाठते. यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत. त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेल्या असतात आणि बहुतेक वेळा मालकच चालक असतो. गाडीचे हप्ते फिटलेले असतात, पण डिझेल रोज भरावं लागतं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि जून २०१७ पासून ते रोजच्या रोज ठरू लागले. भाडं मात्र रोज बदलत नाही. दोन फेऱ्यांमध्ये डिझेल वाढलं तर तो फरक मालकाच्या खिशातून जातो. म्हणून 'गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न पिकअपवाल्याच्या घरात संसाराच्या हिशेबाशी जोडलेला आहे. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज खरोखर वाढतं का, वाढत असेल तर पैसा आधी कुठे घालावा आणि कोणत्या टप्प्यावर थांबावं, या तीन प्रश्नांचा हा आढावा आहे.

गाड्या कोणत्या, इंजिनं कोणती

आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या पिकअपचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला टाटा २०७ आणि महिंद्राच्या २५२३ सीसी डीआय इंजिनाच्या पिकअपचा. दुसरा २००५ साली आलेल्या टाटा एसचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या छोट्या हत्तीचा. त्याचं पहिलं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, जेमतेम १६ अश्वशक्तीचं होतं. तिसरा गट नंतरच्या कॉमन रेल गाड्यांचा, ज्यांत डिझेल किती आणि केव्हा फवारायचं हे संगणक ठरवतो. बीएस-४ निकष देशभर एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले, तसा हा तिसरा गट वाढत गेला.

हा फरक उपाय निवडताना महत्त्वाचा ठरतो. पहिल्या दोन गटांत डिझेलचं माप यांत्रिक पंप ठरवतो. त्यात बिघाड झाला तरी दिवा लागत नाही, गाडी चालत राहते आणि जास्त डिझेल पीत राहते. कॉमन रेल गाडी बिघाड झाल्यावर दिवा लावते, कधी कधी ताकदही कमी करते, पण दुरुस्तीला स्कॅनर लागतो आणि इंजेक्टर महाग असतात. जुनी यांत्रिक गाडी गावच्या मिस्त्रीच्या हाताला येते, हे तिचं मोठं बळ आहे. तिचं नुकसान गुपचूप होत राहतं, ही तिची कमजोरी आहे.

आधी मोजा

कोणताही उपाय करण्याआधी आजचं अ‍ॅव्हरेज नक्की माहीत हवं. अनेक जुन्या गाड्यांची मीटरची केबल तुटलेली असते आणि मालक अंदाजाने आकडा सांगतो. केबल बदलायला फार खर्च येत नाही, तो आधी करावा. मूळ मापापेक्षा वेगळे टायर टाकले असतील तर मीटर चुकीचं अंतर दाखवतं. एकदा मोबाइलच्या नकाशावरचं अंतर आणि मीटरचं अंतर पडताळून पाहावं.

मोजण्याची खात्रीची रीत म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून टाकी भरावी, किलोमीटर लिहावेत, पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते लिहावं. एका फेरीवर निष्कर्ष काढू नये. घाटामुळे आकडा किती फसवतो हे नाशिक-मुंबई मार्गावर दिसतं. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच आहे. मालासह तीन टनांची गाडी तेवढी चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दीड लिटरच्या आसपास जादा डिझेल लागतं. त्यामुळे कसारा घाट उतरताना गाडी फार चांगली वाटते आणि चढताना फार वाईट. जाऊन-येऊन, मालाचं वजन लिहून, काही फेऱ्यांची सरासरी धरली तरच आकडा खरा.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या रीतीची. लिटरमागे किलोमीटर हा आकडा थोडा फसवा असतो. १०० किलोमीटरला किती लिटर लागले असा हिशेब केला की खरं चित्र कळतं. ८ चं अ‍ॅव्हरेज ९ झालं तर १०० किलोमीटरमागे जवळपास १.४ लिटर वाचतात. १४ चं १५ झालं तर अर्ध्या लिटरच्याही आतच. वाढ दोन्हीकडे एकाचीच, पण वाईट अ‍ॅव्हरेजच्या गाडीत बचत जवळपास तिप्पट. जुन्या, थकलेल्या पिकअपवर लक्ष घालणं का परवडतं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

डिझेल जातं कुठे

टाकीतल्या डिझेलमधली साधारण एक तृतीयांशच ऊर्जा चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. हा इंजिनाचा स्वभाव आहे, तो गॅरेजमध्ये बदलत नाही. हाती आलेली ताकद मुख्यतः चार ठिकाणी खर्च होते. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध, हवेचा रोध, चढ आणि पुन्हा पुन्हा ब्रेक मारून वाया घालवलेला वेग.

टायरचा विरोध वजनाबरोबर वाढतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलं की हवेचा रोध पावणेदोन पटीहून अधिक होतो आणि हवा कापायला लागणारी ताकद सव्वादोन पटीच्या पुढे जाते. पिकअपचा पुढचा भाग चपटा, त्यावर केबिनहून उंच रचलेले क्रेट, वर फडफडणारी ताडपत्री. अशा आकाराला वेग फार महाग पडतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर हे जास्त जाणवतं. रस्ता मोकळा म्हणून पाय दाबला जातो, तासभर वाचतो, पण बरंच डिझेल जातं आणि जुन्या टायरवर उष्णतेचा ताण येतो तो वेगळाच.

फुकटात किंवा थोडक्या पैशांत होणारी कामं

पहिलं काम हवेचं. गाडी थंड असताना, भरलेल्या मालाप्रमाणे, कंपनीच्या पट्टीवर दिलेला दाब ठेवावा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही टायरांतली हवा एका पीएसआयने कमी झाली की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त लागतं. आपल्याकडे मागच्या टायरांत दहा-पंधरा पीएसआय कमी असणं सर्रास दिसतं, म्हणजे एक-दीड टक्का इथेच गेला. हवा गरजेपेक्षा जास्त भरूनही फायदा नाही. टायर मधोमध झिजतो आणि पावसात पकड सुटते.

दुसरं काम अडकलेल्या ब्रेकचं. जुन्या पिकअपच्या मागच्या ड्रममध्ये चिखल, गंज आणि ताणलेला हँडब्रेक यांमुळे लायनर ड्रमला घासत राहतो. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबवा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. सपाट जागी न्यूट्रलमध्ये दोन माणसांनी ढकलल्यावर रिकामी गाडी सहज हलली पाहिजे. ब्रेक मोकळे करणं, बेअरिंगला ग्रीस भरणं आणि अलाइनमेंट या कामांतून डिझेलही वाचतं आणि टायरही.

तिसरं काम हौद्यातल्या फुकटच्या ओझ्याचं. जादा स्टेपनी, जुन्या साखळ्या, लोखंडी पाइप, वर्षानुवर्षं पडलेली अवजारं हे सगळं रोज फिरवलं जातं. पन्नास किलो गेले तर फार फरक पडत नाही, दीडशे-दोनशे किलो गेले तर पडतो. रिकाम्या परतीत फाळका उघडा ठेवला तर हवा मोकळी वाहते आणि अ‍ॅव्हरेज वाढतं, असा समज आहे. पिकअपवर झालेल्या वाऱ्याच्या चाचण्या त्याला दुजोरा देत नाहीत. फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून घसरत जाते. फाळका लावूनच ठेवावा, तो सुरक्षितही आहे. ताडपत्री मात्र ताणून बांधावी आणि माल शक्यतो केबिनच्या उंचीच्या आत ठेवावा.

एअर क्लीनरबद्दल थोडी सविस्तर माहिती हवी. नव्या, संगणकाच्या नियंत्रणातल्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तरी इंधनावर फारसा परिणाम होत नाही. जुन्या यांत्रिक डिझेल इंजिनात तसं नाही. तिथे पंप हवेकडे न पाहता ठरलेलं डिझेल फवारतो. हवा कमी पडली की ते पूर्ण जळत नाही आणि काळा धूर होऊन बाहेर जातं. शेतरस्त्यावरच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीने कंपनीने सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता फिल्टर तपासावा. डिझेल फिल्टरमध्ये साठलेलं पाणीही वेळच्या वेळी काढावं. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच असावं. त्यापेक्षा घट्ट ऑइल टाकल्याने एक-दोन टक्के डिझेल जास्त जातं.

थर्मोस्टॅटचं दुखणं

या विषयात सर्वांत दुर्लक्षित सुटा भाग म्हणजे थर्मोस्टॅट वॉल्व्ह. गाडी एकदा तापली की अनेक गॅरेजमध्ये हा वॉल्व्ह काढून फेकला जातो आणि 'आता गाडी गरम होणार नाही' असं सांगितलं जातं. गाडी खरोखर गरम होत नाही, पण ती कामाच्या तापमानालाही पोचत नाही. डिझेल इंजिन ८० ते ९० अंश सेल्सियसच्या आसपास नीट जळण करतं. वॉल्व्ह नसेल तर थंडीच्या दिवसांत, रात्रीच्या फेरीत इंजिन त्याच्या बरंच खाली राहतं. डिझेल जास्त लागतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लायनर आणि रिंगा लवकर झिजतात. पुढे इंजिनाचं मोठं काम निघतं तेव्हा त्याचं मूळ कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी तापण्याचं खरं कारण तुंबलेला रेडिएटर, ढिला पट्टा किंवा थकलेला वॉटर पंप हे असतं. ते दुरुस्त करावं आणि वॉल्व्ह परत बसवावा. डिझेल आणि इंजिन दोन्ही वाचवणारं इतक्या कमी खर्चाचं दुसरं काम मला माहीत नाही.

पंप, नोझल आणि इंजिन

आता खर्चिक कामं. नोझलमधून डिझेल बारीक धुक्यासारखं, ठरलेल्या दाबाला फवारलं गेलं पाहिजे. नोझल झिजलं की ते थेंब-थेंब पडतं, नीट जळत नाही आणि धूर येतो. पंपाचं माप आणि टायमिंग चुकलं तरी तेच. पंपरूममध्ये नोझलचा दाब तपासणं आणि पंपाचं कॅलिब्रेशन बाकावर करून घेणं हे काम अनुभवी माणसाकडूनच करावं.

इथे एक वाईट सवय नोंदवलीच पाहिजे. गाडी चढाला दम टाकते म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं जातं. गाडीचा जोर क्षणभर वाढतो, पण मागे काळ्या धुराचा लोट सुटतो. तो धूर म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेलं, न जळालेलं डिझेल. दम कमी पडण्याचं कारण फिल्टर, टायमिंग, टर्बोचा फाटलेला पाइप, घसरणारी क्लच प्लेट किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन असू शकतं. ते न शोधता स्क्रू फिरवणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फिल्टर आणि पाइप, मग टॅपेट सेटिंग आणि टायमिंग, मग कॉम्प्रेशनची तपासणी आणि त्यानंतर पंप-नोझल. कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनावर नवी नोझल बसवून उपयोग नाही. ऑइलचं झाकण काढल्यावर चालू इंजिनातून जोराने धूर येत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसत असेल तर रिंगांकडे बोट जातं. तेव्हा मोठं काम करायचं की नाही हा प्रश्न अ‍ॅव्हरेजपुरता राहत नाही. गाडी आणखी किती वर्षं ठेवायची याचा तो निर्णय होतो.

कॉमन रेल गाड्यांत ईजीआर बंद करून किंवा धुराची चाळण काढून अ‍ॅव्हरेज वाढवून देण्याची कामंही चालतात. ती बेकायदा आहेत, आणि त्या धुराचा त्रास बाजारात हमाली करणाऱ्यांना, रस्त्याकडेला राहणाऱ्यांना होतो. तो मार्ग धरू नये.

चालवण्याची रीत

चांगल्या चालकाच्या हाती तीच गाडी वेगळं अ‍ॅव्हरेज देते, हा प्रत्येक मालकाचा अनुभव आहे. सरकारची पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षं ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवत आली आहे. नाशवंत माल घेऊन वेळेत बाजार गाठायचा असतो, हे मान्य. पण ८० ऐवजी ६०-६५ चा एकसारखा वेग ठेवला तर शंभर किलोमीटरला सतरा ते पंचवीस मिनिटंच जास्त लागतात. अर्धा तास आधी निघणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुढे सिग्नल किंवा टोलनाका दिसताच पाय काढावा, वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवू नये, खालच्या गिअरमध्ये उगाच रेस देऊ नये आणि पाय सतत क्लचवर ठेवून गाडी हाकू नये.

बाजाराच्या आवारात रांगेत उभं राहताना इंजिन बंद करावं. अडीच लिटरचं डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर जाळतं. बॅटरी आणि स्टार्टर दुबळे असल्यामुळे अनेक चालक गाडी बंदच करत नाहीत. तिथे नवी बॅटरी हाही अ‍ॅव्हरेजचा उपाय ठरतो.

उतारावर न्यूट्रल मारण्याची सवय सर्वांत घातक आहे. कसारा, माळशेज, खंबाटकी अशा घाटांत भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत आणि पॉवर स्टिअरिंगही जातं. शिवाय त्यात बचत नाही. गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की यांत्रिक पंपाचा गव्हर्नर आणि कॉमन रेलचा संगणक, दोघेही डिझेल जवळपास तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम डिझेलच्या हिशेबानेही बरोबर आहे.

चुंबक, गोळ्या आणि जादूचे डबे

डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून गॅस बनवणारे डबे यांच्या जाहिराती वीस-तीस टक्क्यांचं आमिष दाखवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली. बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही, आणि ज्या थोड्यांचा दिसला तोही किरकोळ होता. साधं गणित पाहा. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात जवळपास सगळं डिझेल जळलेलंच असतं. जळायचं उरलेलंच इतकं थोडं असेल, तर चुंबक आणखी वीस टक्के आणणार कुठून? ज्यांना फरक जाणवतो त्यांनी बहुधा त्याच वेळी फिल्टर बदललेला असतो किंवा चालक जपून चालवू लागलेला असतो. तेवढ्या पैशांत थर्मोस्टॅट आणि दोन फिल्टर येतात.

खरी गळती रिकाम्या फेरीत

गाडीचं अ‍ॅव्हरेज सुधारून जे मिळतं, त्याहून अधिक रिकाम्या परतीत जातं. माल टाकून दीडशे किलोमीटर रिकामी येणारी गाडी त्या डिझेलचा एक रुपयाही कमवत नाही. परतीचं भाडं, मग ते खताच्या गोण्या असोत, किराणा असो किंवा रिकामे क्रेट, मिळालं तर क्विंटलमागे लागणारं डिझेल झपाट्याने उतरतं. गावातल्या चार-पाच मालकांनी मिळून व्यापाऱ्यांशी परतीच्या मालाचं बोलणं केलं तर ते एकट्याने शोधण्यापेक्षा सोपं जातं.

याचा अर्थ जास्त माल कोंबावा असा नाही. क्षमतेपेक्षा जादा भार टाकला की स्प्रिंगपाटे, टायर, क्लच आणि ब्रेक सगळं खर्चात येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. एका दंडात कित्येक महिन्यांची डिझेलची बचत जाते.

ठेवायची की बदलायची

एक नमुना हिशेब मांडतो. गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालते, डिझेल ९० रुपये धरू. अ‍ॅव्हरेज १० असेल तर ३,००० लिटर लागतात. वर सांगितलेल्या कामांनी ते ११.५ झालं तर सुमारे २,६१० लिटर लागतील. वर्षाला ३५,००० रुपये वाचतात आणि साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबतो. देखभाल तुंबलेल्या गाडीकडून इतकी सुधारणा अपेक्षिणं मला वाजवी वाटतं. नीट ठेवलेल्या गाडीत वाव कमी असतो.

आता नव्या गाडीचा विचार. आठ लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं असं धरलं तर महिन्याचा हप्ता १७,००० रुपये, वर्षाला दोन लाखांहून जास्त. नवी गाडी १४ चं अ‍ॅव्हरेज देईल असं मानलं तरी डिझेलची बचत ७७,००० रुपयांच्या आसपास राहते. म्हणजे केवळ अ‍ॅव्हरेजसाठी नवी गाडी घेणं या हिशेबात बसत नाही. रोज मोठं अंतर कापणाऱ्याचं किंवा शहरात ठरलेल्या मार्गावर फिरणाऱ्याचं गणित वेगळं असू शकतं. २०२२ मध्ये टाटा एसचं विजेवर चालणारं रूप आलं, सीएनजीचे पर्यायही आहेत. ठरलेल्या, जवळच्या फेऱ्या असतील आणि भरण्याची सोय असेल तर त्यांचा विचार जरूर करावा.

जुनी गाडी सोडण्याची खरी कारणं दुसरी आहेत. चासीला गंज लागून चिरा पडणं, ब्रेक आणि स्टिअरिंगवर भरवसा न राहणं, हंगामात गाडी वारंवार बंद पडून माल सडणं. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, आणि १५ वर्षांनंतरची पासिंगची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. हा खर्चही हिशेबात धरावा. रस्त्यावर धोकादायक झालेली गाडी चांगलं अ‍ॅव्हरेज देत असली तरी ठेवू नये.

निष्कर्ष

जुन्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढतं, पण विकत घेतलेल्या एखाद्या साधनाने वाढत नाही. टायरची हवा, मोकळे ब्रेक, स्वच्छ फिल्टर, जागेवर असलेला थर्मोस्टॅट, बेताचा वेग आणि परतीचं भाडं या सहा गोष्टी नीट केल्या की बहुतेक बचत हाती येते. पंप-नोझलचं खर्चिक काम त्यानंतर, आणि तेही तपासणी करूनच करावं. या लेखातलं एकच काम आज करायचं असेल तर गाडीत एक वही ठेवा. तारीख, मीटर, लिटर आणि मालाचं वजन अशा चार रकान्यांत प्रत्येक वेळी नोंद करा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन मिस्त्रीकडे जा आणि कोणतं काम आधी करायचं ते त्या आकड्यांवरून ठरवा.